परभणीच्या उन्हात ऑर्किड
मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांपुढे जातो. तेव्हा डेंड्रोबियम या ऑर्किडला हिरव्या शेडनेटची सावली आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा हवाच. कुंडीत माती घालू नका; कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या पुरेत. खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारे, कापसावर फवारतात तेच १९:१९:१९ चालते. मात्र लिटरला अर्धा ग्रॅमच, आठवड्यातून एकदा आणि मुळे आधी भिजवून. कोरडी मुळे रुपेरी दिसतात, पाणी प्यायली की बघता बघता हिरवी होतात. पाणी कधी द्यायचे, हे त्यावरूनच ठरवा. बोअरच्या क्षारांचा मुळांवर पांढरा थर बसतो, म्हणून पावसाचे पाणी साठवलेले उत्तम. थंडीत खत निम्मे करा. सह्याद्रीतले सीतेची वेणी हे ऑर्किड कितीही मोहात पाडो, जंगलातून उपटून आणू नका; रोप रोपवाटिकेतूनच घ्या.