गाणे कोणासाठी?

मनुष्याला गाण्याची आवड केव्हापासून आहे, हे सांगणे कठीण. परंतु नुसते गाणे ऐकून त्याची कधीच तृप्ती झाली नाही, हे मात्र निश्चित. गाणे कानांनी ऐकावे आणि त्याच वेळी ते डोळ्यांनी पाहावे, अशी त्याला ओढ असते. म्हणूनच शाहीर डफावर थाप मारता मारता हातवाऱ्यांनी रणांगण उभे करतो. कोकणात गणपतीच्या दिवसांत जाखडीचा नाच रंगतो, तेव्हा मध्यभागी गाणारे आणि ढोलकी वाजवणारे बसतात व त्यांच्याभोवती नाचणारे फेर धरतात. तेथेही डोळे आणि कान यांची मैत्रीच दिसून येते.

या जुन्या मैत्रीला आजच्या काळाने एक नवे साधन दिले आहे. ते म्हणजे गाण्याची चित्रफीत, अर्थात म्युझिक व्हिडिओ. तीन-चार मिनिटांचे एखादे गाणे आणि त्याच्या तालावर उलगडत जाणारी दृश्ये, असे तिचे स्वरूप असते. पूर्वी असे काम मोठ्या चित्रपटसंस्थाच करू शकत. आता घरातील मोबाइलवरही चित्रण करता येते, आणि शाळेतील मुलेही पॉप संगीताच्या चालीवर स्वतःचे गाणे रचून त्याची चित्रफीत तयार करू शकतात.

साधन सोपे झाले म्हणून काम सोपे झाले, असे मात्र समजू नये. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. हे गाणे आपण कोणासाठी करीत आहोत? आणि त्याची स्फूर्ती आपण कोठून घेणार आहोत? ज्यांनी हे प्रश्न स्वतःला विचारले, त्यांची कामे लोकांच्या मनात घर करून राहिली. याची दोन उदाहरणे पाहू.

मुंबईच्या गिरगाव भागात ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ नावाचे चित्रपटगृह होते. 1910-11 च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी तेथे येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत होते. पण फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथा आपल्या माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना झपाटून टाकले. पुढे कित्येक दिवस ते मिळतील ते चित्रपट पाहत राहिले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टीही काही काळ अधू झाली. 1912 साली ते लंडनला गेले, तेथे चित्रपटकला शिकले व परतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फाळके यांना स्फूर्ती मिळाली ती ख्रिस्ताच्या चित्रपटापासून. पण त्यांनी त्या चित्रपटाची नक्कल केली नाही. तंत्र त्यांनी परक्याकडून घेतले, कथा मात्र घरची निवडली. राजा हरिश्चंद्राची कथा कीर्तनांतून आणि नाटकांतून लोकांना पाठ होती. मूकपटात पात्रांचे बोलणे ऐकू येत नाही. तरीही ही कथा सर्वांना समजणार होती. शिवाय राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापील प्रती त्या काळी घरोघरी भिंतींवर लावलेल्या असत. त्या चित्रांना सरावलेली नजर आपल्या दृश्यांकडेही आपुलकीने पाहील, अशी मांडणी फाळके यांनी केली. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला.

पण प्रेक्षक सर्वत्र सारखे नसतात. हाच चित्रपट सुरतेला नेला, तेव्हा पहिल्या खेळाला फारच थोडे लोक आले. कमी पैशांत पाच-सहा तासांचे नाटक पाहण्याची तेथील लोकांना सवय होती. दीड तासाच्या खेळाला तीन आणे त्यांना महाग वाटले. फाळके यांनी प्रेक्षकांना नावे ठेवली नाहीत. त्यांनी आपली जाहिरात बदलली आणि 57 हजार छायाचित्रे अवघ्या तीन आण्यांत पाहावयास मिळतील, असे लोकांना कळवले. चित्रपट तोच होता. तो सांगण्याची रीत तेवढी बदलली, आणि लोकांची गर्दी होऊ लागली.

दुसरे उदाहरण महाडशी जोडलेले आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो लोकांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले आणि समतेचा हक्क बजावला. त्या चळवळीचा विचार खेडोपाडी पोहोचवायचा होता. परंतु ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. तेव्हा आंबेडकरी जलसाकार पुढे आले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतील जलशांनी वाट दाखवली होतीच. लोकांच्या ओळखीची तमाशाची मांडणी, ढोलकीची साथ आणि ठसकेबाज संवाद त्यांनी तसेच ठेवले. मात्र त्यांत शिक्षणाचा आणि स्वाभिमानाचा नवा आशय भरला. दिवसभर कष्ट करून दमलेला श्रोता व्याख्यानाला कदाचित बसला नसता. जलशाला मात्र तो रात्र जागवीत बसे.

या दोन्ही उदाहरणांतून एकच सूत्र हाती लागते. काय सांगायचे, ते आपण आपल्या अंतःकरणाला विचारून ठरवावे. ते कसे सांगायचे, हे मात्र प्रेक्षकाकडून शिकावे.

आता हे सूत्र प्रत्यक्षात कसे आणावे, ते पाहू. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, महाड तालुक्यात, बिरवाडी हे गाव आहे. सह्याद्रीतून आलेली काळ नदी या परिसरातून वाहते व पुढे सावित्रीला मिळते. महाडची औद्योगिक वसाहत येथून जवळच आहे. येथे पाऊस मुसळधार पडतो. घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली, की डोंगरउतारांवरून पाणी वेगाने खाली येते. त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर सावित्रीच्या पाण्याला समुद्राकडे जाण्यास अडथळा होतो आणि पूर वाढतो. जुलै 2021 मध्ये आलेल्या महापुराने महाड परिसराची केवढी हानी केली, हे तेथील थोरामोठ्यांना चांगले आठवते.

समजा, बिरवाडीच्या शाळेतील काही मुलांनी पुराच्या वेळी घ्यावयाच्या काळजीवर गाणे रचण्याचे ठरवले. वाहते पाणी ओलांडू नये, घरातील विजेचे मुख्य बटन वेळीच बंद करावे, औषधे व कागदपत्रे न भिजणाऱ्या पिशवीत ठेवावीत आणि सूचना मिळताच उंच जागी जावे, एवढेच त्यांना सांगायचे आहे. विषय ठरला; पण प्रेक्षक कोण?

येथे वह्या-पेन्सिली घेऊन मुलांनी गावात हिंडले पाहिजे. एकाच आळीत चौकशी करून भागणार नाही. लहान मुले, आजी-आजोबा, दुकानदार, शेतकरी आणि कारखान्यांत काम करणारे लोक, या सर्वांना भेटावे. प्रश्न थोडे आणि सरळ असावेत. ‘आमचे गाणे तुम्हांला आवडेल ना?’ असे विचारू नये. कारण भिडेखातर सर्वजण ‘हो’ म्हणतील. त्याऐवजी, ‘तुम्ही शेवटचे गाणे कोठे पाहिले? ते शेवटपर्यंत पाहिले का? पूर आला, तर सर्वांत आधी काय कराल?’ असे विचारावे. उत्तर मिळेल तसेच टिपून घ्यावे. त्यात आपल्या पदरचे काही घालू नये.

उदाहरणासाठी असे धरून चालू, की मुलांनी 40 जणांना विचारले. त्यांपैकी 34 जण गाणी मोबाइलवर पाहतात, असे आढळले. यावरून काय कळते? मोबाइलचा पडदा तळहाताएवढा असतो. त्यावर दूरवरचा डोंगर आणि नदीकाठी उभी असलेली इवलीशी माणसे स्पष्ट दिसणार नाहीत. तेव्हा चेहरे, हात आणि वस्तू जवळून टिपल्या पाहिजेत. काहीजण गर्दीत आवाज बंद करून चित्रफीत पाहतात, असेही समजले. तर मग गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटवावे लागतील.

अशा चौकशीतून आणखी एक गोष्ट पुढे येऊ शकेल. परगावांहून आणि परप्रांतांतून कामासाठी आलेल्या काही कुटुंबांनी ही नदी फुगलेली कधी पाहिलीच नसेल. पावसाळ्यात तिचे पाणी किती झपाट्याने चढते, हे त्यांना ठाऊक नसेल. ज्यांना गाण्याची सर्वांत अधिक गरज, त्यांना मराठी पुरतेपणी कळत नसेल. मग ध्रुवपदाची एक ओळ हिंदीत घ्यावी, किंवा अभिनयातूनच अर्थ स्पष्ट व्हावा, असा विचार मुलांना करावा लागेल. घरात बसून ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली असती काय? प्रेक्षकांचा शोध घेण्याचे खरे महत्त्व येथेच आहे. आपण ज्यांना विसरलो होतो, तेही त्या शोधात आपल्याला भेटतात.

यानंतर स्फूर्तीचा विचार येतो. आवडत्या दहा-बारा चित्रफिती मुलांनी एकत्र बसून पाहाव्यात. परंतु नुसती करमणूक म्हणून पाहू नयेत. दृश्य कोठे बदलले, तालावर बदलले की शब्दावर, कोणता रंग पुन्हा पुन्हा आला, कोणत्या क्षणी आपले लक्ष उडाले, याची नोंद करावी. मग आपल्या भोवतालीही नजर टाकावी. जाखडीचा फेर पॉप गाण्याच्या ठेक्यावर धरता येईल काय? फेर धरणारी मुले पाणी चढेल तसतशी मध्यभागी एकमेकांजवळ आली, तर? शाळेच्या भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी आणि प्रत्येक कडव्याला ती वर वर सरकवावी. पुराचे पाणी न दाखवताही पूर दिसू लागेल. दुसऱ्याची चाल किंवा दृश्य जसेच्या तसे उचलणे ही स्फूर्ती नव्हे, ती उसनवारी होय. मधमाशी अनेक फुलांवर बसते. पण पोळ्यात साठतो तो तिचा स्वतःचा मध.

कल्पना पक्की झाली, म्हणजे ती कागदावर उतरवावी. कागदाचे तीन उभे भाग करावेत. पहिल्यात गाण्याची ओळ, दुसऱ्यात दृश्याचे छोटे रेखाचित्र आणि तिसऱ्यात लागणारी माणसे व वस्तू लिहाव्यात. गाणे तीन मिनिटांचे असेल, तर त्याचे 180 सेकंद होतात. प्रत्येक दृश्य सरासरी पाच सेकंदांचे धरले, तर 36 दृश्ये लागतील. हा हिशेब आधी केला, की ऐन वेळी धांदल उडत नाही. गाणे अगोदर ध्वनिमुद्रित करावे आणि चित्रण करताना ते मोठ्याने लावून त्यावर ओठ हलवावेत. चित्रपटांत ही पद्धत नितीन बोस यांच्या 1935 सालच्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली चित्रपटापासून रूढ होत गेली.

चित्रण करताना दोन पथ्ये पाळावीत. कोणाचाही चेहरा टिपण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. आणि खऱ्या पुराजवळ चित्रण करण्याचा मोह कधीही धरू नये. जीव वाचवण्याचे गाणे करताना जीव धोक्यात घालणे, यासारखी विसंगती नाही.

चित्रफीत तयार झाली, की ती सर्वांना दाखवण्यापूर्वी चार-पाच अनोळखी प्रेक्षकांना दाखवावी. त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. ते कोठे हसले, कोठे चुळबुळले, कोठे गोंधळले, हे चेहरेच सांगतील. शेवटी त्यांना एवढेच विचारावे, ‘पाणी चढू लागले, तर तुम्ही आता काय कराल?’ उत्तर बरोबर आले, तर गाणे साधले. न आले, तर प्रेक्षकाला दोष न देता पुन्हा कामाला लागावे.

टाळ्या मिळवण्यासाठी गाणारे पुष्कळ असतात. परंतु समोरच्या माणसाची भाषा, त्याची सवय आणि त्याची गरज ओळखून जो गातो, त्याचे गाणे ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडते. टाळ्यांचा आवाज थोड्याच वेळात विरून जातो; उपयोगी पडलेले गाणे मात्र अडचणीच्या वेळी आपोआप ओठांवर येते.

अभ्यास

1. ‘तंत्र परक्याकडून घेतले, कथा मात्र घरची निवडली’ हे विधान फाळके यांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करा.
2. आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाची मांडणी का स्वीकारली?
3. ‘आमचे गाणे तुम्हांला आवडेल ना?’ हा प्रश्न का विचारू नये?
4. स्फूर्ती आणि उसनवारी यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
5. तुमच्या गावाला उपयोगी पडेल असा एखादा विषय निवडा. त्यावरील गाण्यासाठी गावातील दहा माणसांना विचारता येतील असे पाच प्रश्न तयार करा.