आभासी चलन आणि संगणकाची राखण

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ओळखले जाते. तेथील मूर्तिकारास मूर्तीपेक्षाही साचा अधिक जपावा लागतो. कारण साचा दुसऱ्याच्या हाती गेला की तशाच मूर्ती त्यालाही घडविता येतात. संगणकाच्या साहाय्याने बाळगल्या जाणाऱ्या आभासी चलनाचे मर्मही असेच आहे.

२००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉईनचे उदाहरण घेता येईल. ही नाणी संगणकात नसतातच. कोणाकडे किती चलन आहे, याची खातेवही जगभरातील हजारो संगणकांवर ठेवली जाते. मालकाच्या संगणकात असते ती केवळ एक गुप्त किल्ली. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती चलन. धनादेश थांबविता येतो. येथे पूर्ण झालेला व्यवहार उलटविणारी कोणतीही संस्था नाही.

हा धोका दूरदेशीचा नव्हे. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या संगणकीय हल्ल्यात रायगड जिल्ह्यातीलच जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळित झाले. बाधित संगणकांच्या पडद्यावर ३०० डॉलर किमतीच्या बिटकॉईनची खंडणी मागितली जात होती. हा विषाणू विंडोज प्रणालीतील ज्या त्रुटींचा लाभ घेत होता, त्यांची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती वेळीच करून घेणे, हा यातील पहिला धडा होय.

दुसरे असे की, अशा व्यवहारांचा संगणक वेगळा असावा. त्यावर खेळ वा फुकटात मिळालेल्या चोरट्या प्रणाली घालू नयेत. किल्लीची नक्कल बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपाने मिळते. हे शब्द कागदावर लिहून दोन सुरक्षित ठिकाणी ठेवावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये व ते कोणासही सांगू नयेत. काही विषाणू रक्कम पाठविताना प्राप्तकर्त्याचा पत्ता गुपचूप बदलतात. म्हणून तो अक्षरशः पडताळावा.

भारतात हे कायदेशीर चलन नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून त्यावरील नफ्यास ३० टक्के कर लागू आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी प्रायोगिक स्वरूपात किरकोळ व्यवहारांसाठी आणलेला ई-रुपया याहून सर्वस्वी निराळा आहे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगावी पोहोचविली, तर अनेकांची कष्टाची कमाई वाचेल.