घरचा बॉस जेवत नाही!

दुपारी बरोब्बर एक वाजता माझा पाळणाघरात फोन जायचा. मीटिंग असो की प्रेझेंटेशन, प्रश्न एकच, ‘जेवला का हो?’ पलीकडून मावशींचं ठरलेलं उत्तर, ‘दोन घास खाल्ले बघा.’ झालं! माझ्या डब्यातली पोळी तिथेच घशात अडकायची.

आमचे चिरंजीव दीड वर्षाचे होईपर्यंत वाटीभर वरण-भात मिटक्या मारत संपवायचे. मग अचानक संप पुकारला. हिरवं काही दिसलं की तोंड बंद. भात पांढराच हवा, वरणाचा पिवळा ठिपकाही चालणार नाही. काल आवडीने खाल्लेलं धिरडं आज जमिनीवर! रोज रात्री आमची वरात निघायची. नवरा मोबाइलवर कार्टून लावून पुढे, मी वाटी घेऊन मागे आणि सासूबाई खिडकीत काऊ शोधताहेत. एक जेवण सव्वा तासाचं. ऑफिसात टार्गेट, घरीही टार्गेट. मी चक्क घास मोजायचे.

एका रात्री ‘हा शेवटचा’ म्हणत मी चमचा जरा जोरातच आत सारला. सगळं जेवण उलटून बाहेर आलं. पोरं उलट्या काढतातच, त्याचं एवढं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी मी नुसती वाटी हातात घेतली आणि त्याने दोन्ही हात तोंडावर गच्च धरले. माझं दोन वर्षांचं पोर मला घाबरलं होतं! त्या रात्री मीही जेवले नाही.

डॉक्टरांकडे अख्खं गाऱ्हाणं घेऊन गेले. त्यांनी शांतपणे वजन केलं, ग्रोथ चार्टवर टिंब दिलं. रेषा व्यवस्थित वर चालली होती. ‘पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होणारच ना? आणि नवीन पदार्थाला नाही म्हणणं, हे तर या वयाचं लक्षणच आहे.’ मग विचारलं, ‘दूध किती पितो?’

सकाळी, दुपारी आणि झोपताना २५० मिलीची एकेक बाटली. म्हणजे ७५० मिली. ‘आणि अधेमधे?’ मी गप्प. दिवसभर आपण घरी नसतो, म्हणून येताना बिस्किटांचा पुडा आणणारी मीच होते.

‘मग जेवायला पोटात जागा कुठे आहे?’ डॉक्टर म्हणाले. या वयात दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे. त्याहून जास्त दिलं तर पोट भरतं, पण दुधात लोह अगदी कमी, त्यामुळे मुलाच्या अंगातलं रक्त कमी होऊ शकतं. हे मला खरंच माहीत नव्हतं.

मग मी वाचत सुटले. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाच्या कामाची सरळ वाटणीच करून दिली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने! दुसरी गोष्ट सापडली १९८२ मधल्या एका अभ्यासात. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कमी-अधिक वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडला. आणि मी? दोनदा नाही म्हटलं की भेंडी बाद करून मोकळी!

मग घरी नवे नियम लागू झाले.

• दूध बाटलीतून नाही, कपातून. तेही जेवणाच्या तोंडावर नाही.
• दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तासांची सुट्टी. मध्ये फक्त पाणी.
• सगळ्यांनी एकत्र बसायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, आपलासुद्धा!
• ताटात एक ओळखीचा पदार्थ हवाच. नवा पदार्थ चमचाभर. ‘खा’ म्हणायचं नाही आणि खाल्लं तर टाळ्याही नाहीत.
• वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, न रागावता.
• अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं इतक्या लहान मुलांना नाहीत. घशात अडकतात.
• वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, मूल फिकट दिसत असेल किंवा खाण्यातले पदार्थ दिवसेंदिवस कमीच होत असतील, तर घरगुती प्रयोग नकोत. थेट डॉक्टर.

पहिल्या रात्री चिरंजीवांनी चार शितं चिवडली आणि खाली उतरले. सासूबाई कळवळल्या, ‘अगं, पोरगं उपाशी झोपेल!’ मला तरी वेगळं काय वाटत होतं? माझे हात नुसते शिवशिवत होते. ‘आई, आजची रात्र बघू या,’ एवढंच म्हटलं. सकाळी तो उठला, माझा गाऊन ओढला आणि म्हणाला, ‘भूक.’ हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तोवर आम्ही त्याला भूक लागूच दिली नव्हती! सासूबाईंनी मुगाचं घावन केलं. अर्धं त्याने स्वतःच्या हाताने खाल्लं, उरलेलं केसांना लावलं.

जादू वगैरे झालेली नाही. भात अजून बऱ्याचदा पांढराच लागतो. भेंडी सातव्यांदा ताटात आली तेव्हा त्याने ती उचलली, चाटली आणि माझ्या ताटात ठेवून दिली. मी काही बोलले नाही. खरं तर ओठ आवळून बसले होते!

एक वाजता पाळणाघरात फोन अजूनही जातो. फक्त आता मी विचारते, ‘काय करतोय हो?’ परवा मावशी म्हणाल्या, ‘माझ्या डब्यातली मेथी मागतोय. देऊ का?’

द्या हो मावशी, द्या!