‘टायपिंग की हाताने लिहिणं?’ : इंग्रजीच्या तोंडी परीक्षेची तयारी घरी कशी करायची



गटातून मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या अर्जांवर अलीकडे एक नवं नाव दिसू लागलं आहे, आयेल्ट्स. नर्सिंग झालेल्या मुलीला ब्रिटनमध्ये काम करायचं असेल, तर तिथल्या नर्सिंग परिषदेला इंग्रजी येत असल्याचा पुरावा लागतो. तो ज्या परीक्षांमधून देता येतो, त्यांतली ही एक. वाचणं, ऐकणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ९ पैकी ७, आणि लेखनात साडेसहा गुण लागतात. फी पंधरा हजारांच्या वर जाते आणि निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणजे बोलण्यात अर्धा गुण कमी पडला की पुन्हा परीक्षा आणि पुन्हा पैसे. ते पैसे शेवटी गटाच्या पेटीतूनच जातात, म्हणून आज या विषयावर बोलायचं आम्ही ठरवलं.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर एक परीक्षक बसतो आणि बोलणं रेकॉर्ड होतं. पहिली चार-पाच मिनिटं साध्या ओळखीच्या विषयांवर प्रश्न येतात. घर, जेवण, सवयी असलं काहीतरी. मग एका कार्डावरचा विषय देतात, विचाराला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत वेळ. शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा.

आपल्या मुली कार्डाला घाबरतात. आमचा अनुभव असा की त्या पहिल्याच भागात अडकतात, कारण प्रश्न इतका साधा असतो की काय बोलावं हेच सुचत नाही. उदाहरणच घेऊ. परीक्षक विचारतो, “डू यू प्रिफर टायपिंग ऑर रायटिंग बाय हँड?” तुला टाईप करायला आवडतं की हाताने लिहायला?

एक मुलगी म्हणते, “टायपिंग. इट इज फास्ट.” आणि गप्प. उत्तर चुकीचं नाही. पण चार शब्दांत परीक्षक गुण देणार कशाला? दुसरी क्लासमध्ये पाठ केलेलं म्हणते, “इन धिस मॉडर्न एरा ऑफ टेक्नॉलॉजी...” आणि पुढे मोठमोठे शब्द. हे पहिल्यापेक्षा वाईट. परीक्षक दिवसभर अशी उत्तरं ऐकत असतो. पाठ केलेलं त्याला लगेच कळतं, आणि मग तो असा प्रश्न टाकतो की पाठांतर उपयोगी पडत नाही.

गुण कशाचे मिळतात हे एकदा समजलं की बरंच सोपं होतं. चार गोष्टींना सारखंच वजन असतं. अडखळल्याशिवाय, सुसंगत बोलता येतं का. शब्द किती आणि नेमके आहेत का. वाक्यरचना बरोबर आणि वेगवेगळ्या प्रकारची आहे का. आणि उच्चार समजतात का. मत कोणतं मांडलं याला गुण नाहीत. टायपिंग म्हणा नाहीतर पेन म्हणा, परीक्षकाला त्याचं काही नाही.

आता तीच मुलगी असं बोलली तर? “मोस्टली आय राइट बाय हँड. आय वर्क इन अ हॉस्पिटल, सो आय फिल इन पेशंट्स चार्ट्स विथ अ पेन एव्हरी डे. आय ओन्ली टाइप व्हेन आय सेंड मेसेजेस टू माय फ्रेंड्स.” अर्थ असा की बहुतेक वेळा मी हाताने लिहिते, दवाखान्यात रोज पेशंटचे तक्ते पेनाने भरते, टाईप फक्त मैत्रिणींना मेसेज पाठवताना करते. यात एकही अवघड शब्द नाही. पण आधी थेट उत्तर आहे, मग कारण, मग स्वतःच्या कामातलं उदाहरण, आणि शेवटी उलट बाजू. साधारण पंधरा सेकंदांत होतं. पहिल्या भागात एवढं पुरतं. याहून फार लांबवलं तर परीक्षकच थांबवतो.

पुढचा प्रश्न बहुधा काळ बदलून येतो. “व्हेन डिड यू लर्न टू टाइप?” कधी शिकलीस? इथे मुली “आय लर्न” म्हणून मोकळ्या होतात. प्रश्नात ‘डिड’ ऐकू आलं की उत्तर भूतकाळात, “आय लर्न्ड”. आणि सांगण्यासारखं आपल्याकडे कितीतरी असतं. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्या मुली आहेत. आपल्याकडे लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून घरातलं कुणी ना कुणी त्या क्लासला गेलेलं असतंच. “माय ब्रदर लर्न्ड टायपिंग फॉर अ गव्हर्न्मेंट जॉब, बट आय लर्न्ड ऑन माय फोन.” झालं उत्तर.

मराठीतून इंग्रजीत जाताना या विषयात ठरलेल्या चुका होतात, त्या लिहून ठेवा. आपण ‘हाताने लिहिते’ म्हणतो म्हणून तोंडात ‘विथ हँड’ येतं. ते ‘बाय हँड’ हवं. ‘प्रिफर’नंतर दोन गोष्टींची तुलना करताना ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतं: “आय प्रिफर टायपिंग टू रायटिंग.” “आय ॲम हॅविंग गुड हँडरायटिंग” नको, “आय हॅव गुड हँडरायटिंग” म्हणा. आणि ‘हँडरायटिंग’चं अनेकवचन करू नका. उच्चारात ‘प्रिफर’चा जोर शेवटच्या ‘फर’वर द्यायचा. आपल्या मराठी हेलाबद्दल मात्र काळजी नको. हेल असल्याचे गुण कापत नाहीत, न समजल्याचे कापतात.

शेवटच्या भागात प्रश्न मोठा होतो. पुढे माणसं हाताने लिहिणं सोडून देतील का? शाळेत मुलांना अक्षर वळणदार काढायला शिकवावं का? इथे दोन्ही बाजू मांडायला माल लागतो, आणि तो आपल्या गावातच आहे. सातबारा पूर्वी तलाठी हाताने लिहून द्यायचे. अक्षर लागलं नाही की चार माणसांना दाखवत फिरावं लागायचं. आता तो संगणकावर छापून मिळतो, कुणालाही वाचता येतो. ही टायपिंगची बाजू. दुसरीकडे, दहावीचा पेपर आजही हातानेच लिहायचा असतो आणि गटाच्या इतिवृत्ताखाली सह्या हातानेच होतात.

थोडी अभ्यासाची माहितीही हाताशी असू द्या. अमेरिकेतल्या म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत होते. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, म्हणून ते निवडून, आपल्या शब्दांत लिहीत होते, आणि समजुतीच्या प्रश्नांत ते सरस ठरले. पुढे इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा फरक एवढा ठळक दिसला नाही. म्हणून मुलीने “हँडरायटिंग मे हेल्प अस रिमेंबर” असं जपून म्हणावं. या ‘मे’ने, म्हणजे ‘कदाचित’ने, वाक्य खरंही राहतं आणि भाषाही प्रौढ वाटते.

आता तुमचं काम. “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?” असं प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. मदत करता येते. मुलीला आधी प्रश्नाचं उत्तर मराठीत द्यायला सांगा. ती मराठीतही “टायपिंग, पटकन होतं” म्हणून थांबली, तर अडचण इंग्रजीची नाहीच, सांगायला काही शोधलेलं नाही ही आहे. मग तुम्ही विचारा, का गं? कुठे लिहितेस? शेवटचं पत्र कुणाला लिहिलं होतंस? राखीबरोबर मामाला चार ओळी लिहिल्या होत्या हे आईलाच आठवतं, मुलीला नाही. ते सापडलं की तेच इंग्रजीत बोलायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग ऐकताना ‘अं... अं...’ किती वेळा आलं ते मोजा. त्याला भाषा कळावी लागत नाही. उत्तर पंधरा सेकंदांच्या आत संपलं का, तेही घड्याळात दिसतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न थोडा फिरवून विचारा. शब्द जसेच्या तसे आले तर ती पाठ करते आहे असं समजा आणि उदाहरण बदलायला सांगा. चुका शोधायचं काम गटातल्या शिकलेल्या मुलीला किंवा गावातल्या बाईंना आठवड्यातून एकदा द्या. रोज दुरुस्त करत बसलं की पोरगी तोंडच उघडत नाही.

आणखी एक. परीक्षेत परीक्षक मध्येच “थँक यू” म्हणून थांबवतो तेव्हा कित्येक मुली खचतात, पुढची सगळी उत्तरं कोरडी देतात. त्याला प्रत्येक भाग ठरलेल्या वेळात संपवायचा असतो, म्हणून तो थांबवतो. घरी सराव करताना तुम्हीही तिला अधूनमधून वाक्याच्या मध्येच थांबवा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा.