लपलेल्या ठोक्यांचा माग

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी पाठविताना नातलग हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे झाले कशामुळे?" रक्तदाब, मधुमेह किंवा मानेतील रोहिणीचा अडथळा दाखविता आला, तर उत्तर सोपे असते. सर्व तपासण्यांनंतरही कारण हाती लागले नाही, की माझा संशय हृदयाच्या तालावर जातो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांचे आकुंचन विस्कटते, डाव्या अलिंदात रक्त साकळते आणि तेथील गुठळी मेंदूत जाऊन अडकते. परंतु हा विकार पुष्कळदा येऊन-जाऊन असतो. नाडी पाहावी तर नियमित, ईसीजी काढावा तर निर्दोष!

नॉर्मन होल्टर यांचे पहिले उपकरण सुमारे ३८ किलो वजनाचे होते व पाठीवर वाहावे लागे. आज छातीवर छोटी पट्टी चिकटवून रुग्ण घरी वावरू शकतो. त्यामुळे निरीक्षणाची मुदत वाढविता आली, हाच मोठा लाभ. कॅनडातील 'एम्ब्रेस' अभ्यासात (२०१४) कारण न सापडलेल्या ५७२ रुग्णांचे दोन गट केले होते. ३० दिवस छातीपट्टा वापरणाऱ्यांत १६.१ टक्के, तर २४ तासांच्या होल्टरवर ३.२ टक्के रुग्णांत हा दोष आढळला.

मग संशयावरच रक्त न गोठू देणारे औषध का देऊ नये? 'नॅव्हिगेट-ईएसयूएस' चाचणीत (२०१८) असा प्रयोग झाला. रिव्हारोक्साबॅनने ॲस्पिरिनपेक्षा पुनराघात कमी झाले नाहीत. रक्तस्राव मात्र वाढले. म्हणून आधी पुरावा, मग औषध.

बेळगाव परिसरातील खेड्यांतून येणाऱ्या प्रत्येकाला महिनाभराचे निरीक्षण परवडेलच असे नाही. वय अधिक, डावे अलिंद मोठे, होल्टरमध्ये अलिंदाचे अकाली ठोके वारंवार, अशा रुग्णांसाठी मी त्याचा आग्रह धरतो. इतरांचे होल्टर पुन्हा करावे, नातलगांना नाडी पाहण्यास शिकवावे. मनगटी घड्याळाने अनियमितता दर्शविली, तर ईसीजीने खात्री करून घ्यावी. काही सेकंदांचाच झटका सापडला, तर रक्तस्रावाचा धोका व मूत्रपिंडाचे कार्य तोलूनच औषध ठरवावे.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की 'होल्टर नॉर्मल' या दोन शब्दांवर फाईल मिटवू नये. दुसरा झटका पहिल्याइतका सौम्य असेलच, याची हमी कोणी द्यावी?