पडदावाचक आणि नावांचा प्रश्न

आमच्या शाळेत इतिहास शिकविणारे आमचे एक सहकारी जन्मापासून दृष्टिहीन आहेत. टिपणे, प्रश्नपत्रिका, पत्रव्यवहार ही सर्व कामे ते संगणकावर स्वतःच करतात. दोन वर्षांपूर्वी शाळेने गुणनोंदीसाठी एक नवी आज्ञावली, म्हणजे रूढ भाषेत प्रोग्रॅम, विकत घेतली. आणि त्या दिवसापासून ह्या गृहस्थांस आपल्याच विद्यार्थ्यांचे गुण भरण्यासाठी दुसऱ्या शिक्षकाच्या शेजारी बसून आकडे सांगण्याची पाळी आली. कारण विचारता त्यांनी आपला हेडफोन आमच्या कानास लावला. संगणक एकसुरी आवाजात म्हणत होता : "बटण, बटण, बटण, बटण." त्या चारांपैकी एक गुण साठविणारे होते आणि एक पुसून टाकणारे. आज्ञावली निवडली होती ती आम्हीच. आम्ही तिची किंमत पाहिली, तिचे रंग पाहिले. ती ऐकून पाहण्याचे मात्र आम्हांस सुचले नाही. ह्या चुकीच्या निमित्ताने जे शिकावयास मिळाले ते शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दृष्टिहीन व्यक्ती ज्या साधनाने संगणक वापरतात त्यास 'स्क्रीन रीडर' म्हणतात; आपण त्यास 'पडदावाचक' म्हणू. पडद्यावरील मजकूर तो बोलून दाखवितो, अथवा ब्रेल-पट्टीवरील उंचवट्यांच्या रूपाने बोटांस देतो. तथापि ह्या नावाने एक गैरसमज होण्याचा संभव आहे. पडदावाचक बहुधा पडद्याकडे पाहतच नाही. आज्ञावली त्यास जे सांगेल तेच तो आपणांस सांगतो.

हे असे का, ते कळण्यासाठी थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेन्टर ह्यांच्या संस्थेने 'जॉज' हा पडदावाचक १९८९ साली डॉस प्रणालीसाठी प्रसिद्ध केला. त्या काळचा पडदा म्हणजे बहुधा ८० स्तंभ आणि २५ ओळी, अशी २००० अक्षरांची चौकट असे. ती अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच ठेवलेली असत. वाचकाने ती तेथून उचलावीत आणि बोलावीत. पुढे विंडोजसारख्या चित्रमय प्रणाली आल्या. आता पडद्यावर उरले ते केवळ रंगीत ठिपके, आणि ठिपक्यास अर्थ नसतो. तेव्हा चित्र काढण्याच्या आज्ञा मध्येच टिपून पडदावाचक अनुमानधपक्याने अर्थ लावू लागले. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने 'ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी' ही व्यवस्था आणली, आणि आज्ञावली व पडदावाचक ह्यांच्यामध्ये एक दुभाषा उभा राहिला. 'यूआय ऑटोमेशन' ही तिचीच पुढची पिढी होय. मॅक आणि लिनक्स ह्या प्रणालींतही असे दुभाषे आहेत. मायकेल करन ह्या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली आरंभिलेला 'एनव्हीडीए' हा विनामूल्य पडदावाचक अशाच दुभाष्यांच्या आधारे बोलतो.

ह्या दुभाष्याचे काम भाषाशिक्षकांस चटकन उमजेल. वाक्यातील शब्दाचे व्याकरण चालविताना आपण त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती विचारतो. पडदावाचकही पडद्यावरील प्रत्येक घटकाविषयी असेच विचारतो : नाव काय, प्रकार कोणता, स्थिती काय आणि मूल्य काय? उत्तरे मिळाली की तो म्हणतो, "गुण, लेखनचौकट, ४२", किंवा "अनुपस्थित, निवडचौकट, निवडलेली नाही." उत्तर न मिळाल्यास तो केवळ "बटण" म्हणून थांबतो. यंत्राने अधिक काय करावे?

आज्ञावलीकाराने प्रणालीबरोबर येणारी तयार बटणे, याद्या आणि चौकटी वापरल्या तर प्रकार आणि स्थिती ह्यांची उत्तरे बहुधा आपोआप मिळतात. अडचण येते ती शोभेसाठी हाताने रंगविलेल्या घटकांत. रंगविलेली बरोबरची खूण डोळ्यांस दिसते. परंतु दुभाष्यास ती सांगितली नसेल तर पडदावाचकापुरती ती नाहीच. असा घटक करावयाचाच असेल, तर त्याची चारही उत्तरे लिहून देणे हे आज्ञावलीकाराचे कर्तव्य आहे.

नाव देणे ही मात्र माणसानेच करावयाची गोष्ट आहे, आणि तेथे विवेक लागतो. नाव चित्राचे नव्हे, कार्याचे असावे. चकतीचे चित्र असलेल्या बटणाचे नाव 'चकती' नसून 'गुण साठवा' हे होय. नावात 'बटण' हा शब्द घालू नये; प्रकार पडदावाचक स्वतः सांगतोच, आणि ऐकणाऱ्यास "गुण साठवा बटण, बटण" अशी द्विरुक्ती सोसावी लागते. एकाच पटलावर तीन ठिकाणी 'पुसा' असेल तर 'ओळ पुसा', 'तक्ता पुसा' असा भेद करावा. लेखनचौकटीशेजारी 'हजेरी क्रमांक' असे नुसते छापून भागत नाही. ते शब्द त्या चौकटीचेच नाव आहेत, हे जोडून द्यावे लागते.

ह्याखेरीज तीन पथ्ये आहेत. पहिले, माऊसचा बाण दिसल्यावाचून माऊस निरुपयोगी असतो. म्हणून प्रत्येक काम कळफलकाने करता आले पाहिजे, आणि टॅबची कळ दाबताना क्रम वाचनाच्या ओघाने जावा. दुसरे, केवळ रंगाने काही सांगू नये; अनुत्तीर्णांचे गुण नुसते तांबडे केले तर ऐकणाऱ्यास काहीच कळत नाही. तिसरे, कोपऱ्यात 'गुण साठविले' असा निरोप उमटला, तर त्याची वर्दी दुभाष्यामार्फत द्यावी. मात्र क्षणोक्षणी वर्दी देणारी आज्ञावली बडबड्या सोबत्याइतकीच त्रासदायक होते.

मराठीपुरती एक विशेष अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक टंकांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. असा मजकूर डोळ्यांस शुद्ध मराठी दिसतो, पण पडदावाचक निरर्थक रोमन अक्षरे उच्चारतो. शिवाय मराठी आणि हिंदी ह्यांची लिपी एकच. म्हणून मजकुराची भाषा कोणती हेही आज्ञावलीने सांगावे लागते, नाहीतर आपले मराठी परक्या उच्चारांत ऐकावे लागते. 'एनव्हीडीए'बरोबर येणाऱ्या 'ईस्पीक एनजी' ह्या वाचायंत्रणेस मराठी येते. तिला खरी मराठी अक्षरे पुरविणे आपल्या हाती आहे, आणि जुन्या टंकांत अडकलेले पाठ व अंक युनिकोडमध्ये आणणे हे शाळांचे आणि साहित्यसंस्थांचेही काम आहे.

आज्ञावली विकत घेण्यापूर्वी परीक्षा सोपी आहे. पडदावाचक सुरू करावा, पडदा मालवावा, माऊस दूर ठेवावा, आणि एका विद्यार्थ्याचे गुण भरून पाहावेत. ते जमले नाही तर दोष भरणाराचा नव्हे. आणि शक्य तेथे ही परीक्षा दृष्टिहीन सहकाऱ्याकडूनच करवावी. त्यांस जे जाणवते ते डोळे मिटून बसलेल्या आम्हांस जाणवत नाही.

आमच्या आज्ञावलीकारास आम्ही पत्र लिहिले, आणि सोबत प्रत्येक बटणाचे मराठी नाव त्या सहकाऱ्यांनीच सुचवून दिले. तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. नावे घालणे एका दुपारचे काम होते, असे त्याने प्रांजळपणे कळविले. तक्त्यातील स्तंभांची नावे अद्याप ऐकू येत नाहीत. त्याविषयी दुसरे पत्र गेले आहे. परंतु गेल्या सहामाहीचे गुण आमच्या सहकाऱ्यांनी आपल्या हातांनी भरले. त्या संध्याकाळी शिक्षकदालनात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि ती तशी पाहून आम्हांस समाधान वाटले.