एरंडाच्या बींतील लोखंड

मोहाचें तेल थंडीनें गोठतें आणि दुकानांतून आणलेलें करडईचें तेल गोठत नाहीं, ही गोष्ट गुजरातच्या सीमेलगतच्या तलासरी तालुक्यांतील झरी गांवींच काय, साऱ्या डहाणू-तलासरीच्या टापूंत कोणासही नव्यानें सांगावयास नको. मोहाचीं फुलें वेंचून झालीं कीं पावसाच्या तोंडावर बिया गोळा होतात. त्यांचें तेल येथील वारली कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या काढीत व वापरीत आलीं आहेत. पौषांतल्या पहाटे हेंच तेल तुपासारखें घट्ट दिसतें. तेवढ्यावरून त्यास भेसळीचें किंवा हलक्या प्रतीचें ठरविणें मात्र अन्यायाचें होय. गोठण्याचें कारण बीच्या अंतरंगांत आहे. आणि तें उलगडण्यास ज्या झाडाचें साहाय्य झालें, तें याच भागांत बांधावर व उकिरड्याच्या कडेला कोणी न लावतां उगवतें. तें झाड म्हणजे एरंड.

तेल हें मुख्यतः मेदाम्लांचें बनलेलें असतें. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी. स्टिअरिक अम्लांत असे १८ अणु असतात व त्यांस जितका हायड्रोजन धारण करतां येईल तितका तेथें असतो. अशा साखळ्या सरळ असल्यामुळें मोळींतील लांकडांप्रमाणें एकमेकींस चिकटून बसतात. म्हणूनच स्टिअरिक अम्ल सुमारें ६९ अंशांवर वितळतें. परंतु ९ व्या व १० व्या कार्बनवरील एकेक हायड्रोजन काढून घेतला, तर तेथें दुहेरी बंध होऊन साखळीस बांक येतो. वांकड्या फांट्यांची मोळी नीट बांधतां येत नाहीं, तसेंच येथें होतें. हें झालें ओलेइक अम्ल. तें १३-१४ अंशांवरच पातळ होतें. दोन अणु गेले आणि पन्नास अंशांहून अधिक फरक पडला! आणखी एक जोडी काढली म्हणजे करडईंत विपुल असणारें लिनोलेइक अम्ल तयार होतें.

हा हायड्रोजन काढणें मात्र सोपें नव्हे. साखळीच्या मध्यभागीं तो इतका घट्ट धरलेला असतो कीं, नेमक्या त्याच जागीं हात घालणें रसायनशाळेंतही कठीण पडतें. वनस्पति तें काम साध्या उन्हांत, पानाच्या अथवा बीच्या पेशींत, प्राणवायूच्या मदतीनें उरकते. हें घडविणारें जें प्रथिन, म्हणजे विकर किंवा एन्झाइम, त्यास डिसॅच्युरेज असें नांव आहे. त्याच्या पोटांत लोखंड आहे. पण किती, व कोणत्या स्थितींत?

अशीं बहुतेक विकरें पेशींतील पडद्यांत रुतून बसलेलीं असतात. ओढून काढतां तीं निकामी होतात. स्टिअरिक अम्लावर काम करणारें वनस्पतींचें विकर तेवढें पाण्यांत विरघळतें. जॉन शँकलिन व ख्रिस सॉमरव्हिल यांनीं १९९१ सालीं एरंडाच्या या विकराच्या जनुकाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें तें जनुक जीवाणूंत घालून विकर भरपूर प्रमाणांत मिळवितां आलें.

लोखंड डोळ्यांनीं दिसण्याजोगें नव्हतें. म्हणून त्यास किरणांकरवीं प्रश्न विचारावे लागले. पहिला मार्ग जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ म्योसबाउअर यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधाचा. साध्या लोखंडांत शंभरांत सुमारें दोन अणु ५७ वजनाचे असतात. त्यांचें केंद्र एका ठराविक शक्तीचाच गॅमा किरण गिळतें, आणि ती शक्ति त्या अणूच्या शेजारपाजाऱ्यांप्रमाणें किंचित् बदलते. किरण सोडणारा किरणोत्सारी कोबाल्ट मुंगीच्या चालीहूनही मंद, सेकंदास कांहीं मिलिमीटर, असा मागें-पुढें हालवितात. कोणत्या वेगाला किरण गिळला जातो त्यावरून लोखंडाची स्थिति वाचतां येते. फॉक्स, शँकलिन, सॉमरव्हिल, म्युंक आदींनीं १९९३ सालीं गोठविलेल्या विकरावर हा प्रयोग प्रसिद्ध केला. लोखंड एकेकटें नसून जोडीनें आहे, आणि जोडींतील दोन अणूंच्या मध्यें प्राणवायूचा पूल असून त्यामुळें त्यांचें चुंबकत्व परस्परांस मारक ठरतें, असें त्यांत निष्पन्न झालें.

दुसरी साक्ष आपल्या देशाच्या अभिमानाची आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यांत ज्याचा शोध लावला, तो प्रकाशाच्या विखुरण्याचा परिणाम येथें उपयोगी पडला. विखुरलेल्या प्रकाशाचा रंग जितका बदलतो, तितकी रेणूच्या कंपनाची खूण पटते. १९९४ सालीं एरंडाच्या विकरांत लोखंड-प्राणवायु-लोखंड या पुलाचें कंपन याच रीतीनें ओळखण्यांत आलें. विकर जड प्राणवायूच्या पाण्यांत ठेवतांच तें कंपन मंदावलें. पुलांत प्राणवायूच आहे, याविषयीं मग शंकेस जागा राहिली नाहीं.

१९९६ सालीं क्ष-किरणांनीं विकराची सबंध आकृति दिसली. लोखंडाच्या जोडीलगत एक अरुंद, बांकदार बोळ आहे. मेदाम्लाची साखळी त्यांत शिरली म्हणजे तिचे ९ व १० हे अणु बरोबर जोडीसमोर येतात. जागा चुकत नाहीं ती त्यामुळें. इलेक्ट्रॉन मिळालेलें लोखंड प्राणवायूस धरून चेतवितें, आणि तो चेतलेला प्राणवायु हायड्रोजन ओढून घेतो.

मोहाच्या बींतही या जातीचें विकर असतेंच, नाहींतर तिच्या तेलांत ओलेइक अम्ल आलें नसतें. परंतु सरळ साखळीचीं स्टिअरिक व पामिटिक अम्लें मिळून त्या तेलांत जवळजवळ निम्मा वांटा तसाच शिल्लक राहतो. गोठतो तो हाच भाग, आणि साबणास घट्टपणा येतो तोही याच भागामुळें.

एरंडाची गंमत अशी कीं, स्वतःच्या बींत तो ओलेइक अम्लावर थांबत नाहीं. डिसॅच्युरेजचेंच एक भावंड त्या साखळीवर प्राणवायु व हायड्रोजन यांची जोडी बसवितें व रिसिनोलेइक अम्ल करतें. एरंडेलांत तें शंभरांत ८५ हून अधिक भरतें. म्हणून एरंडेल कडाक्याच्या थंडींतही गोठत नाहीं; मात्र त्याची धार मधासारखी दाट पडते.